अर्धा तास कोणाचा?

दुबईच्या युवराजांनी २०१७ साली आपल्या नगरवासीयांस असे आवाहन केले की, प्रत्येकाने सलग ३० दिवस, रोज ३० मिनिटे, काही ना काही व्यायाम करावा. आणि तेव्हापासून दरवर्षी उन्हाळ्याची धग ओसरून हवा सुसह्य होऊ लागली की, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, त्या शहरात आरोग्याचा एक महोत्सवच भरतो. ज्या शेख झायेद रस्त्यावर एरवी पादचाऱ्यास पाऊल ठेवण्याची सोय नाही आणि मुभाही नाही, तो रस्ता एका सकाळपुरता मोटारींना बंद करून धावणाऱ्यांच्या स्वाधीन केला जातो. २०२४ साली या महिनाभराच्या उपक्रमात भाग घेणाऱ्यांची जाहीर झालेली संख्या २७ लाखांच्या वर गेली. लहानमोठ्या कंपन्या या काळात आपल्या नावाचे टी-शर्ट छापून घेतात, एचआरच्या साहेबांच्या सहीने परिपत्रक निघते, मोबाइलवर पावले मोजून हिशेबखाते आणि विक्रीखाते यांच्यात चढाओढ लावली जाते, पहिल्या आलेल्यास एखादे कूपन मिळते; आणि महिना सरला की टी-शर्ट कपाटात व परिपत्रक दप्तरात जाऊन पडते.

या उपक्रमाची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही, कारण राज्यकर्त्याने प्रजेला धावण्यास सांगावे आणि स्वतःही धावावे, ही गोष्ट जगाच्या राजकारणात तितकीशी सुलभ नाही. परंतु जे तीस मिनिटांचे मागणे या आवाहनाने केले आहे, ते कंपनीच्या दाराशी पोहोचताच एक प्रश्न उपस्थित होतो, आणि त्याचे उत्तर कोणतेही परिपत्रक देत नाही. ही तीस मिनिटे कोणाच्या खात्यातून वजा करावयाची? सकाळी आठपासून सायंकाळी सहा-सातपर्यंत ज्याचा वेळ मालकाने विकत घेतलेला आहे, त्याने उरल्यासुरल्या वेळातून ती काढावयाची असतील, तर त्या उपक्रमात मालकाचा वाटा टी-शर्टापुरताच राहतो. बैठ्या कर्मचाऱ्याच्या प्रकृतीसाठी कचेरीला खरोखर काही करावयाचे असेल तर तिने आपल्या वेळेतून वेळ द्यावा आणि आपल्या कामाची रीत बदलावी. याखेरीज जे काही होते त्याला करमणूक म्हणावे, आरोग्यकार्य म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कोणत्या आधारावर बनले हे सविस्तर सांगणे प्राप्त आहे.

बर दुबईतील अल मनखूल या वस्तीत जो कोणी काही दिवस राहिला असेल, त्याला बैठे जीवन म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. एका अंगाला बँक स्ट्रीट या नावाने ओळखला जाणारा खालिद बिन वलीद रस्ता, दुसऱ्या अंगाला करामा, आणि मध्ये बहुमजली इमारतींच्या रांगा, ज्यांत हॉटेल-अपार्टमेंटे, संगणकांची दुकाने, उपाहारगृहे आणि मालवाहतूक, विमा, हिशेबतपासणी असले व्यवसाय करणाऱ्या असंख्य छोट्या कचेऱ्या दाटीने वसलेल्या आहेत. येथील मराठी माणूस बहुतांशी खुर्चीवरचा माणूस आहे: अकाउंटंट, ड्राफ्ट्समन, बँकेतला अधिकारी, डॉक्युमेंट कंट्रोलर. कुटुंबवत्सल असेल तर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, एकटा असेल तर बेडस्पेसवर, म्हणजे चार-सहा जणांत वाटून घेतलेल्या एका खोलीतील खाटेवर, तो राहतो. घरातून लिफ्टने तळघरातल्या मोटारीत, मोटारीतून दुसऱ्या तळघरात, तेथून लिफ्टने खुर्चीपर्यंत, असा त्याचा प्रवास. दूध संपले तर खालच्या ग्रोसरीला फोन केला की पोऱ्या पिशवी घेऊन दारात उभा. कचेरीत तलफ आली तर ऑफिस बॉय कडक चहाचा कागदी पेला टेबलावर आणून ठेवणार. अनेक ट्रेडिंग कंपन्यांत अजूनही दुपारच्या सुट्टीने दिवसाचे दोन तुकडे केलेले असतात, आणि दुसरा तुकडा रात्री आठ-नऊपर्यंत लांबतो. उन्हाळ्यात बाहेर फिरणे तर सरकारलाच इतके धोक्याचे वाटते की, १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घेण्यास कायद्याने बंदी आहे. अशा दिनक्रमात मनुष्य आळशी आहे म्हणून बसून राहतो असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याची प्रत्येक हालचाल कोणीतरी दुसरा, कमी पगारावर, त्याच्यासाठी करीत असतो.

त्या ऑफिस बॉयकडे आणि खुर्चीवरच्या त्याच्या साहेबाकडे आपण क्षणभर पाहू, कारण या विषयाच्या शास्त्राचा आरंभ अशाच एका जोडीपासून झाला आहे. लंडनमधील डॉ. जेरी मॉरिस यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील वाहतूक खात्यातील सुमारे ३१ हजार पुरुषांच्या हृदयविकाराचा हिशेब मांडला आणि तो १९५३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. एकाच दुमजली बसवर काम करणारे दोघे, एकाच वर्गातून आलेले, एकाच शहराची हवा घेणारे. पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसाकाठी पाच-सातशे पायऱ्या चढणारा-उतरणारा. हृदयाच्या रोहिण्यांचा विकार कंडक्टरांत कमी आढळला, उशिरा आढळला, आणि आढळला तेव्हा तो कमी घातक ठरला. टपाल खात्यात चालत डाक वाटणारे आणि टेबलाशी बसून काम करणारे कारकून यांच्यातही तशीच तफावत दिसली. या निष्कर्षाची कीर्ती आज जगभर आहे. परंतु तो उद्धृत करणाऱ्यांच्या नजरेतून एक साधी गोष्ट निसटते, ती ही की, त्या कंडक्टरांपैकी कोणीही व्यायामाच्या कार्यक्रमात नाव नोंदविलेले नव्हते. त्यांना कोणी प्रेरणा दिली नाही, बक्षीस लावले नाही, त्यांची पावले मोजली नाहीत. त्यांच्या कामाचीच घडण अशी होती की, पगार घेत असताना त्यांचे पाय चालत राहत.

मॉरिस यांच्या थोरवीचा खरा पुरावा मला त्यांच्या पुढच्या निबंधात दिसतो. १९५६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बसकर्मचाऱ्यांच्या गणवेशांच्या नोंदवह्या काढल्या आणि विजारींच्या कमरेची मापे तपासली. तेव्हा असे आढळले की, ड्रायव्हरांची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी असते, आणि ती तरुण वयातही मोठीच असते. म्हणजे दोन्ही कामांवर मुळात वेगवेगळ्या ठेवणीची माणसे जात असण्याचा संभव होता आणि रोगातील सगळी तफावत पायऱ्यांच्या पदरात घालणे धाडसाचे होते. स्वतःच्या गाजलेल्या सिद्धांतावर स्वतःच असा आक्षेप घेणारा संशोधक विरळा. आजच्या कंपन्यांची आरोग्यखाती मात्र, व्यायामाच्या कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांची प्रकृती भाग न घेणाऱ्यांपेक्षा चांगली आहे असा तक्ता दाखवून संचालकांकडून पुढील वर्षाची तरतूद मंजूर करून घेतात, तेव्हा विजारींची मापे कोणीच विचारीत नाही.

ती मापे विचारण्याचे काम अलीकडे अमेरिकेत काही अर्थशास्त्रज्ञांनी केले. इलिनॉय विद्यापीठाच्या सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत वाटणी करून एका गटाला आरोग्य-तपासणी, व्यायाम, आहारमार्गदर्शन आणि रोख बक्षिसे असा भरगच्च कार्यक्रम देऊ केला, दुसऱ्याला काहीच दिले नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल मोठा उद्बोधक आहे. ज्यांनी स्वखुशीने भाग घेतला त्यांची भाग न घेणाऱ्यांशी तुलना केली तर, ते व्यायामशाळेत अधिक जात होते, गावच्या वार्षिक शर्यतीत अधिक धावत होते, आणि त्यांचा औषधपाण्याचा खर्चही कमी होता. परंतु चिठ्ठीने पडलेल्या दोन गटांची तुलना करताच ही सर्व तफावत विरून गेली. कार्यक्रमाने धावणारे निर्माण केले नव्हते, धावणाऱ्यांना एकत्र जमविले होते. त्याच वर्षी अमेरिकेतील एका घाऊक विक्रीच्या साखळीतील १६० दुकाने व सुमारे ३३ हजार कर्मचारी यांच्यावरील प्रयोगाचा निकाल आला. अठरा महिन्यांनंतर, कार्यक्रम मिळालेल्या दुकानांतील लोक आपण नियमित व्यायाम करतो असे अधिक प्रमाणात सांगू लागले होते. पण रक्तदाब, रक्तातील साखर, वजन, औषधोपचाराचा खर्च, कामावरील गैरहजेरी यांत लक्षणीय फरक नव्हता.

बक्षिसांचा मार्ग सिंगापूरमध्ये तपासून झाला आहे. तेथील १३ आस्थापनांतील ८०० कर्मचाऱ्यांपैकी काहींना मनगटावर बांधावयाचे पावलांचे यंत्र दिले, काहींना त्याच्या जोडीला पैसेही दिले. पैसे मिळत होते तोवर चालणे वाढले, पैसे थांबले आणि चालणेही थांबले. वर्षाअखेर कोणत्याच गटाच्या वजनात वा रक्तदाबात सुधारणा सापडली नाही. याच्या उलट बाजूस आपल्या मुंबईत जन्मलेल्या 'स्टेपॅथलॉन' या उपक्रमाचा दाखला देता येईल: शंभर दिवसांच्या या आंतर-कंपनी शर्यतीतील सुमारे ६९ हजार सहभागींचा अहवाल २०१६ साली आला, त्यात सरासरी रोज साडेतीन हजार पावले वाढल्याचे आणि वजन दीड किलोच्या आसपास घटल्याचे नमूद आहे. आकडे आनंददायक आहेत; पण तुलनेला दुसरा गट नाही आणि माहिती सहभागींनी स्वतःच भरलेली आहे, म्हणून या अहवालाला मी साक्षीदार मानतो, न्यायाधीश मानीत नाही.

मग या सर्वांवरून कोणी असे म्हणेल की, व्यायामानेच काही होत नाही. तर तो सर्वस्वी विपरीत अर्थ होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम श्रम सांगितला आहे, त्याचा पाया भक्कम आहे. दहा लाखांहून अधिक माणसांच्या माहितीचे २०१६ साली जे एकत्रीकरण झाले, त्यात असे दिसले की, दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यालाही रोज तास-सव्वा तासाचा श्रम असेल तर बसण्यामुळे वाढलेला मृत्यूचा धोका उरत नाही. औषध खरे आहे. खोट आहे ती ते पोहोचविण्याच्या रीतीत.

आणि हे औषध इतरांपेक्षा आपल्याला अधिक निकडीचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपले व आपले इंग्रज स्नेही डॉ. जॉन यूडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत एक, २२.३, म्हणजे कोणत्याही तक्त्याने निरोगी ठरणारा. पण शरीरातील चरबीचे प्रमाण इंग्रज डॉक्टरांचे ९.१ टक्के आणि मराठी डॉक्टरांचे २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून मेदस्वी अशी ही भारतीय देहाची ठेवण गर्भावस्थेपासूनच कशी घडते याचा मागोवा याज्ञिक यांनी पुण्याजवळील खेड्यांतून अनेक वर्षे घेतला आहे. आता असा देह आखातात न्यावा, त्याला खुर्ची द्यावी, रात्री दहाला जेवण द्यावे आणि सभोवती असा देश द्यावा जेथे, आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार, प्रौढांतील मधुमेहाचे, वयोरचना जुळवून काढलेले, प्रमाण १६ टक्क्यांच्या वर आहे. मग चाळिशीतल्या अकाउंटंटच्या रक्ततपासणीत काय निघते याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. कंपनीच्या शिबिरात त्याला वजनकाट्यावर उभे करतात, काटा 'ठीक' म्हणतो, आणि पोट सुटलेले असूनही तो निर्धास्त घरी जातो.

आपल्या परंपरेने या प्रश्नाला उत्तर दिले नाही असे नाही, परंतु ते कोणत्या दिशेने दिले हे पाहण्यासारखे आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले, संस्थानातील शाळांतून ते सुरू केले, त्यावर पुस्तके लिहिली. दादरचे समर्थ व्यायाम मंदिर, अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ यांनी पिढ्यान्पिढ्या शरीरे घडविली. या सर्वांत व्यायाम हे व्रत होते: पहाटे उठावे, स्नान करावे, नमस्कार घालावेत आणि मग जगाच्या व्यवहाराला लागावे. व्यवहार स्वतः कसा असावा याविषयी व्रत काही बोलत नाही. ज्याला पहाटे साडेपाचला उठून शारजाच्या वाहतुकीत अडकावयाचे आहे, त्याला पहाटेचे व्रत सांगणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगणे होय.

सरकारी पातळीवर मुंबई इलाख्याने अधिक व्यवहारी पाऊल टाकले होते. १९३९ पासून कामगारवस्तीत कल्याणकेंद्रे निघाली, १९५३ साली त्यांच्यासाठी कामगार कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा झाला, आणि पुढे त्या निधीत मालक व कामगार या दोघांनी वर्गणी भरावी अशी तजवीज झाली. गिरणगावातील कबड्डीचे आणि व्यायामशाळांचे श्रेय पुष्कळांना आहे, त्यात या केंद्रांचाही वाटा आहे. पण पुढे रेल्वे, बँका, तेलकंपन्या यांनी खेळाडूंना नोकऱ्या देऊन आपापले संघ उभे केले, तेव्हा आस्थापनेचा खेळ म्हणजे मूठभर पटाईतांनी खेळावयाचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवून पाहावयाचा, असा शिरस्ता पडला. त्या संघांनी मराठी कबड्डीचे भलेच केले. हिशेबखात्यातील कारकुनाच्या कमरेचे मात्र काही केले नाही. दुबईतील कंपन्यांचे सुट्टीच्या दिवशी रंगणारे क्रिकेटचे सामने हे याच वंशाचे आहेत.

अलीकडे केंद्र सरकारने पाच मिनिटांच्या योगविरामाची टूम काढली आहे. आयुष मंत्रालयाने २०२१ साली त्यासाठी अ‍ॅप काढले आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांनी त्याचा वापर करावा अशी शिफारस सरकारदरबारातून झाली. पाच मिनिटांनी मधुमेह हटत नाही हे उघड आहे. तरीही या टुमेत एक गोष्ट अशी आहे की, जिच्यामुळे मी तिला दुबईच्या २७ लाखांपेक्षा अधिक मान देतो: ती पाच मिनिटे कचेरीच्या वेळेतली आहेत. खुर्चीवरून उठलेला कारकून त्या वेळी कामचुकार ठरत नाही.

या तत्त्वाचा सर्वांत दीर्घायुषी प्रयोग जपानचा. तेथे १९२८ साली आकाशवाणीवरून सामुदायिक कवायत सुरू झाली, आणि ती सुरू करणारे खाते होते टपाल खात्याचे आयुर्विमा कार्यालय. विमेदार लवकर मेला तर खजिन्याला भुर्दंड, हा हिशेब त्यामागे होता. अमेरिकेतील एका विमा कंपनीने रेडिओवर तसा प्रयोग आधी केलेला त्यांच्या पाहण्यात आला होता. महायुद्धानंतर काही काळ बंद पडलेली ही कवायत १९५१ साली नव्या रूपात पुन्हा सुरू झाली, आणि आजही अनेक जपानी कारखान्यांत व बांधकामांवर पाळीच्या आरंभी, पगारी वेळेत, वरिष्ठ व कनिष्ठ एका रांगेत उभे राहून ती करतात. सैनिकी शिस्तीची छाया तिच्यावर आहे आणि मला ती पूर्णपणे रुचत नाही; पण तिची चिकाटी कशात आहे हे समजून घ्यावे. ती रोजची आहे, ती सर्वांची आहे, आणि तिच्यासाठी कोणाला आपल्या मुलाबाळांचा वेळ कापावा लागत नाही.

विम्याचे नाव निघाले म्हणून दुबईतील मालकाचे स्वारस्य येथे नोंदवून ठेवतो. २०१३ च्या ११ व्या क्रमांकाच्या कायद्याने दुबईत प्रत्येक कर्मचाऱ्याच्या आरोग्यविम्याचा भार मालकावर टाकला आणि पुढील काही वर्षांत तो टप्प्याटप्प्याने सर्व कंपन्यांना लागू झाला. कर्मचारी आजारी पडत राहिले तर नूतनीकरणाच्या वेळी हप्ता वाढतो, हे प्रत्येक एचआर अधिकारी जाणतो. आणि व्यायामाच्या कार्यक्रमांची विक्री करणाऱ्या संस्था नेमक्या याच भीतीवर आपले दुकान मांडतात. परंतु वर सांगितलेल्या अमेरिकन प्रयोगांत खर्चाची बचत दिसली नाही, हे मालकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. बचतीच्या आशेने सुरू केलेला कार्यक्रम बचत न दिसताच बंद पडतो. दिवसाचे नऊ तास ज्याने माणसाला बसवून ठेवले त्याच्यावर त्या बसण्याच्या परिणामांची काही जबाबदारी येते, हे मान्य करणाऱ्यानेच या वाटेला जावे.

या ठिकाणी एका धोक्याची वाच्यता करणे मला आवश्यक वाटते, कारण भारतात बसून लिहिणाऱ्याला तो सहसा जाणवत नाही. आखातात माणसाचा निवासाचा परवाना नोकरीला बांधलेला असतो आणि त्या परवान्यासाठी रक्ताची व छातीची तपासणी द्यावी लागते. त्यामुळे 'मेडिकल' या शब्दाची एक धास्ती प्रत्येक परदेशस्थाच्या मनात घर करून असते. अशा माणसाला कंपनीच्या अ‍ॅपवर पावले, झोप, वजन आणि नाडी नोंदविण्यास सांगितले, तर तो काय करील? निरोगी असेल तर हौसेने नोंदवील, आणि ज्याची साखर वाढली आहे तो फोन मुलाच्या हाती देऊन त्याला पळावयास लावील, किंवा सहभागीच होणार नाही. ज्याच्यासाठी सारा खटाटोप, तोच अशा रीतीने बाहेर राहतो. म्हणून माझे म्हणणे असे की, कंपनीने वेळ द्यावा आणि माहिती मागू नये. कर्मचारी त्या अर्ध्या तासात किती पावले चालला, हे मालकाला समजण्याचे काहीच प्रयोजन नाही. तो दुपारच्या जेवणात किती घास खातो हेही मालक मोजीत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, उत्सवालाही काही मोल आहे. ते मला मान्य आहे. बर दुबईच्या व्यापारी कचेरीत पंचेचाळिशीच्या माणसाने सायंकाळी बूट बदलून चालावयास निघणे हे पूर्वी चेष्टेचे कारण होते. आज तसे राहिले नाही, याचे श्रेय त्या तीस दिवसांना देणे न्याय्य आहे. परंतु उत्सव लाज घालवितो, सवय लावीत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: मनुष्य प्रौढ आहे, त्याची प्रकृती त्याने सांभाळावी, मालकाने दाई का व्हावे? या आक्षेपात स्वातंत्र्याची चाड दिसते, पण दिवसाचा हिशेब दिसत नाही. नऊ तास कामाचे, दोन प्रवासाचे, सात झोपेचे. उरलेल्या सहांत स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, गावी आईवडिलांना फोन आणि महिनाअखेरची पैसे पाठविण्याची रांग. स्त्री कर्मचाऱ्याचे सहा तर नावालाच सहा. स्वातंत्र्य वेळेच्या रूपाने मिळाल्याखेरीज ते वापरता येत नाही.

तेव्हा काय करावे? कामाच्या वेळेतून रोज अर्धा तास द्यावा, एकदम वा दोन तुकड्यांत, आणि तो हजेरीपटावर कामाचाच मानावा. मध्यंतरी इंग्लंडमधील लेस्टर येथे, कमीजास्त उंचीची मेजे देऊन आणि वरिष्ठांना सामील करून कर्मचाऱ्यांचे बसणे कमी करण्याचा प्रयोग झाला. वर्षभरानंतर बसण्याचा वेळ रोज ८३ मिनिटांनी घटला. पुढे अधिक मोठ्या प्रमाणावर झालेल्या प्रयोगात, नुसता उपदेश व आठवण यांनी २२ मिनिटे आणि मेजांसह ६४ मिनिटे घट झाली. वजनावर वा रक्तावर याचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही, हे लपवून चालणार नाही. उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. पण सामान बदलले की वागणूक बदलते आणि टिकते, एवढे तरी यावरून सिद्ध होते. मेजे महाग असतील तर जिन्याची दारे उघडी ठेवावीत आणि तेथे दिवे लावावेत. मनखूलमधील कितीतरी इमारतींत जिना हा आगीच्या वेळी आठवावयाचा असतो. चहाचे पेले टेबलावर पोहोचविणे बंद करावे. साहेबांनी स्वतः उठून चहा घेतला की खालच्यांना उठण्याची परवानगी आपोआप मिळते.

उन्हाळ्याचे काय, असे कोणी विचारील. २०२५ च्या ऑगस्टात दुबईने काही मॉल सकाळी सात ते दहा चालणाऱ्यांसाठी उघडे ठेवले. कल्पना चांगली आहे, पण सकाळी सात ते दहा नोकरदार कोठे असतो हे योजकांना ठाऊक नसेल असे वाटत नाही. नगररचनेने याहून दूरचा विचार केलेला दिसतो. डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'दुबई वॉक' या आराखड्यात साडेसहा हजार किलोमीटरचे पादचारी मार्ग, ११० पादचारी पूल व भुयारी मार्ग, आणि पायी व सायकलने होणाऱ्या प्रवासाचे प्रमाण १३ टक्क्यांवरून २०४० पर्यंत २५ टक्क्यांवर नेण्याचा संकल्प आहे. तो सिद्धीस गेला तर कोणत्याही कंपनीच्या कार्यक्रमापेक्षा त्याने अधिक माणसे चालतील. मनखूलसारख्या जुन्या, दाट, दुकानांनी भरलेल्या वस्तीला त्याचा लाभ विशेष होईल, कारण येथे चालत जाण्याजोगी ठिकाणे आहेत, मेट्रो आहे, झबीलची बाग फार दूर नाही. सावली तेवढी हवी.

शेवटी ज्यांची नावे या कार्यक्रमांच्या यादीत कधीच नसतात त्यांच्याविषयी. इमारतीच्या दाराशी बारा-बारा तास उभा असलेला वॉचमन, साफसफाई करणारी पाळी, दिवसभर फेऱ्या मारणारा तो ऑफिस बॉय यांना कंपनी व्यायाम सांगत नाही, कारण त्यांना तो आपोआप घडतो असा समज आहे. नव्या संशोधनाने हा समज डळमळीत केला आहे: फुरसतीच्या श्रमाने आयुष्य वाढते, तसे दीर्घ, विश्रांतीरहित, नाइलाजाच्या श्रमाने वाढत नाही, असे डेन्मार्कमधील व इतर अभ्यासांतून वारंवार दिसून आले. लंडनच्या कंडक्टराला निवृत्तिवेतन होते, संघटना होती, साप्ताहिक सुट्टी होती. मनखूलच्या ऑफिस बॉयची त्याच्याशी तुलना करताना हे विसरता येत नाही. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याने उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय देण्याचे मालकांवर बंधन घातले होते, आणि केरळाने २०१८ साली दुकानांतील नोकरांनाही तो हक्क दिला. बसलेल्याला उठण्याचा आणि उभ्या असलेल्याला बसण्याचा, हे दोन्ही हक्क एकाच अर्ध्या तासात मावतात. म्हणून तो अर्धा तास दिला तर शिपायापासून संचालकापर्यंत सर्वांना दिला पाहिजे.

अमिरातीच्या श्रमकायद्यात, जो २०२१ साली झाला व फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आला, सलग पाच तासांनंतर किमान एक तासाची विश्रांती सक्तीची आहे. ती कामाच्या तासांत धरली जात नाही. पण कर्मचाऱ्याला कायद्यापेक्षा अधिक अनुकूल अटी देण्यास तोच कायदा मालकाला मोकळीक देतो. बर दुबईतील आणि करामातील कंपन्यांत आज एचआरच्या आणि हिशेबाच्या खुर्च्यांवर मराठी माणसे मोठ्या संख्येने आहेत. येत्या हंगामाचे परिपत्रक लिहिण्याची पाळी त्यांच्यावर येईल, तेव्हा त्यांनी टी-शर्टाची मागणी नोंदविण्यापूर्वी मालकापुढे एवढी एक ओळ मंजुरीसाठी ठेवावी: रोजचा अर्धा तास, कामाच्या वेळेतून, सर्वांना, बारा महिने.